घरभाडे, रुपये तीस

पुढच्या दोन खोल्या, ओटी, आणि मोरीसकट पडवी
कंपनीच्या माणसाने फीत लावून मोजली.
मी आत भाकरी थापत होते.
बावीस फूट, चौदा फूट, तो ओरडत होता
आणि इकडून आपल्याच घराचे आकडे
परक्याच्या घराचे असावेत तसे
खाली मान घालून उतरवून घेणं झालं.

साहेबाचं नाव हार्कर.
बयोला वाटलं हरकर, म्हणजे असेल कुणी राजापूरकडचा.
तर हा विलायतेहून करार करून आणलेला,
कळव्याच्या पुलापासून पुढे
रूळ कुठे वाकलाय का ते बघत चालणारा,
मानेवर घामोळं, हातात कंदील.

नियम मला एकदा वाचून दाखवला गेला.
विलायती नोकरास येथे घर नाही, सबब भत्ता तीस.
देशी नोकरास घर आहे असे समजावे.
पगार बावीस.
मी विचारलं, आणि ज्याने घर साहेबाला दिलं
त्याला काय आहे असे समजावे?
इकडून चष्मा पुसणं झालं.
बराच वेळ.

मग नियमातच निघालं की
चार फुटी खिडकी असल्याशिवाय
घर साहेबाच्या लायकीचं ठरत नाही.
गोमा सुताराने उगवतीची भिंत फोडली.
सासूबाईंच्या हातची ती भिंत, कुडाची,
आत भाताचा तूस अजून पिवळा होता.
गज कंपनीने दिले, नंबर घातलेले.

आम्ही पाच माणसं मागच्या दारी.
सोडे भाजले की पास्कू बटलर निरोप घेऊन येई,
साहेबाचं डोकं दुखतंय.
मग मी साहेब लाइनीवर गेला की भाजायची,
घाईत, चोरासारखी, माझ्याच चुलीवर.

पहिल्या तारखेला पावती तीसची.
हातावर अठरा.
दुसऱ्या तारखेला कचेरीत तेच बिल
इकडच्याच टेबलावर यायचं,
‘भाडे पूर्ण दिले, खात्री केली’,
खाली वळणदार सही.
दिडकीची चूक सापडेपर्यंत न जेवणारा माणूस.
त्या रात्री आमटीत बोटं तशीच राहायची
आणि मी वाढायचं थांबायची.

वरचे बारा कुठे जातात ते पास्कूने सांगितलं.
साहेबाच्या खोलीत खिळ्याला एक चित्र होतं,
गवती छपराचं घर, दारात कुत्रा.
तिथे त्याची आई राहते म्हणाला.
तेही भाड्याचं.
मी म्हटलं, मग? आम्ही काय करू?
पण त्यानंतर सोडे भाजताना
मागचं दार लोटून घ्यायला लागले.
का, ते मला विचारू नका.

तीन वर्षांनी कोपरीच्या अंगाला
कंपनीने बंगल्यांची रांग उठवली, लाल कौलं,
प्रत्येकाला घोड्याचा तबेला.
भत्ता बंद. साहेब गेला.
जाताना बयोला एक रिकामा बिस्किटाचा डबा दिला
आणि इकडे हात पुढे केला.
तो हातात घ्यायचा की कपाळाला लावायचा
हे ठरेस्तोवर त्याने मागे घेतला.

आठवड्याने दोन गँगवाले आले, यादी घेऊन.
गज कंपनीचे. नंबरासकट काढून नेले.
भोक आमचं.

चेंदणीत तीस वर्षं नांदले,
पण खाडी मी घरातून कधी पाहिली नव्हती.
आता भरती आली की
पाण्याचा उजेड आढ्यावर हलत राहतो,
गज नाहीत, काही नाही,
भाकरी करपते माझी.

इकडून मात्र अजून मागच्या दारानेच येणं होतं.
कधी चुकून पुढून आलेच
तर ओटीची पायरी चढण्याआधी
थांबून, जोडे हातात घेऊन,
खाकरणं होतं.